रायफलीचा पीळ आणि गोळीची लांबी

इसवी सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस फ्रान्स देशांतील शातोरू येथें श्री. स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर अंतरावरील तीन आसनांच्या रायफल-स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचें कांस्यपदक पटकाविलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कुसाळे हे आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील, राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचे. महाराष्ट्राच्या वाट्यास त्यापूर्वीं आलेलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणजे १९५२ सालीं हेलसिंकी येथें कै. खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत मिळविलेलें. तेहि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें पालथें पडून नेम मारण्याच्या प्रकारांत जगज्जेतेपद संपादन केलें होतें. तेव्हां कृष्णा-पंचगंगेच्या या मुलखास कुस्तीप्रमाणें नेमबाजीहि आतां परकी राहिलेली नाहीं. पण कुस्तींत कोणता डाव पडला हें आमच्या कवठे महांकाळच्या जत्रेंतील लहान मूलहि सांगूं शकतें. रायफलीच्या नळींत काय घडतें हें मात्र फार थोड्यांस सांगतां येईल. तेंच येथें जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी आंतून साध्या नळकांड्यासारखी गुळगुळीत असे. तींत शिशाचा वाटोळा गोळा नळीच्या तोंडातून ठासावयाचा. गोळा नळीपेक्षां किंचित् लहान असावयाचाच, नाहीं तर तो खालीं उतरणार नाहीं. मग दारूचा भडका झाला कीं तो नळीच्या अंगावर इकडे तिकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसला असेल त्याप्रमाणें कोठें तरी जाई. रायफलीच्या नळीच्या आंतल्या अंगास मळसूत्राप्रमाणें वळत गेलेले चर कोरलेले असतात. गोळी त्या चरांत आवळून बसते, आणि नटाच्या आट्यांतून बोल्ट जसा फिरत फिरत पुढें सरकतो तशी ती स्वतःभोंवतीं गिरक्या घेत बाहेर पडते. या चरांच्या वळणासच आम्ही पुढें ‘पीळ’ म्हणणार आहों.

गोळीस गिरकी कां द्यावयाची, हा पहिला प्रश्न. वाटोळ्या गोळ्यास पुढें-मागें असें कांहीं नसतें. पण लांबट, टोंकदार गोळी हवेंत नेली कीं अडचण उभी राहते. समोरून येणारा हवेचा दाब जणूं एकाच बिंदूपाशीं एकवटला आहे असें मानलें, तर तो बिंदु गोळीच्या टोंकाकडे येतो. आणि गोळीचा गुरुत्वमध्य त्याच्या मागें, बुडाकडे असतो. म्हणजे हवा गोळीस पुढच्या बाजूनें धरून उलथूं पाहते. बाणाच्या मागें पिसें लावतात तीं याच कारणानें: पिसांमुळें दाबाचा बिंदु मागें जातो व बाण आपोआप सरळ राहतो. गोळीस पिसें लावतां येत नाहींत. तेव्हां तिला भोंवऱ्याची युक्ति करावी लागते.

जाळी गुंडाळून सोडलेला भोंवरा आरीवर उभा राहतो आणि इतका स्थिर होतो कीं मुलें ‘भोंवरा झोंपला’ असें म्हणतात. गति मंदावली कीं तोच डोलूं लागतो आणि शेवटीं आडवा होतो. यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रुंद पोटाचा, बुटका भोंवरा थोड्या फेऱ्यांतहि उभा राहतो. तेंच एखादी पेन्सिल टोंकावर फिरवून उभी करून पाहा! ती उभी राहण्यास कितीतरी अधिक वेग हवा. सडपातळ व लांब वस्तूस फिरकीनें आवरणें कठीण, आणि तिला उलथणारी तरफहि लांब. गोळीचेंहि असेंच आहे. आंखूड गोळीस थोडी गिरकी पुरते, लांब गोळीस अधिक लागते.

आतां पीळ मोजण्याची रीत. नळीच्या किती लांबींत चराचा एक पुरा वळसा होतो, त्यावरून पिळास नांव देतात. सोळा इंचांत एक वळसा असेल तर तो सोळा इंची पीळ. दहा इंचांत असेल तर दहा इंची. येथें नवशिक्याचा गोंधळ होतो, कारण आंकडा लहान तितका पीळ आवळ. दोर वळणारा मनुष्य हें चटकन् समजेल: वीतभर सुंभांत एक वेढा असलेला दोर सैल, चार बोटांत एक वेढा असलेला आवळ. कुसाळे ज्या जातीची रायफल वापरतात तिला लोक ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. तिच्या नळीचा सर्वत्र रूढ असलेला पीळ सोळा इंची आहे. दोन फुटांच्या नळींत गोळीचा जेमतेम दीड वळसा होतो. एवढ्यानें काय होणार, असें वाटेल. पण गोळी सेकंदास सुमारें १,०७० फुटांच्या वेगानें बाहेर पडते, म्हणजे तिचे सेकंदास आठशें फेरे होतात. आपल्या भोंवऱ्यास ही गति स्वप्नांतहि साधणार नाहीं.

नेमबाजांच्या बोलण्यांत मात्र लांबीचा उल्लेख क्वचितच येतो. ‘इतक्या वजनाच्या गोळीस इतका पीळ’ अशीच त्यांची भाषा असते, आणि काडतुसाच्या पेटीवरहि वजनच छापलेलें असतें. हें वजन ग्रेन या मापांत देतात. वडीलधाऱ्या मंडळींस समजेल असें सांगावयाचें तर आपल्या इंग्रजी अमदानींतल्या तोळ्याचे बरोबर १८० ग्रेन होतात. पॉइंट टू-टूची गोळी साधारण ४० ग्रेनांची, म्हणजे पाव तोळ्याहूनहि हलकी. वजनाची ही भाषा अगदीं निराधार नाहीं. नळीचें भोंक ठराविक आणि धातु शिसेंच असेल, तर वजन वाढविण्यास गोळी लांब करण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. म्हणून वजन हें लांबीच्या जागीं चालतें. पण चालतें तें तेवढ्या मर्यादेंतच, आणि ही मर्यादा विसरली म्हणजे काय होतें याचीं उदाहरणें शस्त्रांच्या इतिहासांत चांगलीं तीन-चार सांपडतात.

पहिलें उदाहरण १८५७ सालचें. त्या सालीं ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबी लाविलेल्या काडतुसांवरून हिंदुस्थानांत वणवा पेटला, आणि ३१ जुलै रोजीं कोल्हापुरांतील मुंबई इलाख्याची २७ वी पलटण ज्या धामधुमींत उठली, त्याच सालच्या वसंतांत इंग्लंडांत हाइथ येथें या एन्फील्डची दुसऱ्या एका रायफलीशीं शर्यत लागली होती. दुसरी रायफल मँचेस्टरचे प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांची. स्क्रूच्या आट्यांस एकच माप असावें ही पद्धति पाडणारे ते हेच. दोन्ही रायफलींच्या गोळ्या वजनानें सारख्याच होत्या: ५३० ग्रेन, म्हणजे तीन तोळ्यांस दहा ग्रेन कमी. पण एन्फील्डचें भोंक अर्ध्या इंचाहून मोठें, गोळी जाड व बुटकी, लांबी जाडीच्या दुपटीहूनहि कमी. तिचा पीळ अठ्ठ्याहत्तर इंची. एकोणचाळीस इंचांच्या नळींत अवघा अर्धा वळसा. व्हिटवर्थनीं भोंक अर्ध्या इंचाच्या आंत आणलें. तेवढेंच शिसें त्यांत घालावयाचें तर गोळी लांब होणें भागच होतें, ती जाडीच्या तिपटीच्या घरांत गेली. या गोळीस कोणता पीळ मानवतो हें पाहण्यासाठीं त्यांनीं पांचशें यार्ड लांबीची आच्छादित वाट बांधून घेतली होती. तींत पातळ कागदाचे पडदे टांगून, गोळी प्रत्येक पडद्यांतून नाकासमोर गेली कीं तिरपी गेली, हें ते पाहत. सैल-आवळ अनेक नळ्या करून ते शेवटीं वीस इंची पिळावर स्थिरावले.

हाइथ येथील निकाल विलक्षण होता. पांचशें यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरीनें सव्वादोन फुटांच्या आसपास फांकल्या. व्हिटवर्थच्या पांच इंचांच्याहि आंत राहिल्या. चौदाशें यार्डांवर एन्फील्डला लक्ष्यच लाभेना. वजन तेंच, माणसें तींच. फरक पडला तो लांबी आणि तिला साजेसा पीळ यांचा. तरीहि सरकारनें व्हिटवर्थची रायफल सैन्यास दिली नाहीं. ती महाग होती, आणि तिची अरुंद नळी दारूच्या काजळीनें लवकर चोंदे. उत्तम वस्तु ती रणांगणावरहि उत्तमच असेल असें नाहीं.

दुसरें उदाहरण आमच्या घराजवळचें. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ सालापासून काडतुसांचा कारखाना आहे. जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडावर जीं ‘के एफ’ हीं इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं दिसतात तीं या खडकी कारखान्याचींच. थ्री-नॉट-थ्री रायफल आपल्या फौजेंत व पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या वावरली. तिचा पीळ दहा इंची व डावीकडे वळणारा. आरंभीं तिला बोथट नाकाची २१५ ग्रेनांची गोळी असे. १९१० सालीं टोंकदार गोळी आली. तिचें वजन १७४ ग्रेन, म्हणजे तोळ्याच्या आंत. एकदम ४१ ग्रेन कमी झाले. वजनाच्या हिशेबानें पाहणारा म्हणेल, आतां पीळ सैल करावयास हवा होता. पण नळ्या जशाच्या तशा राहिल्या, आणि त्यांत कांहीं चुकलें नाहीं. कारण नव्या गोळीच्या शेंड्यांत शिशाऐवजीं ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा भरलेला होता. गोळी हलकी झाली, पण आंखूड झाली नाहीं.

लांबीवरून पीळ काढण्याचें सोपें सूत्र वुलिच येथील तोफखान्याच्या विद्यालयांतील गणिताचे अध्यापक ग्रीनहिल यांनीं १८७९ सालीं दिलें. वरच्या वर्गांतील विद्यार्थी तें तोंडींहि करूं शकतील. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या कितीपट आहे तें पाहावें. दीडशें या संख्येस त्या पटीनें भागावें. जें उत्तर येईल तितक्या जाड्यांच्या अंतरांत एक वळसा असावा. पॉइंट टू-टूची गोळी जाडीच्या सुमारें दुप्पट लांब. दीडशेंस दोहोंनीं भागून पंचाहत्तर. पंचाहत्तर गुणिलें ०.२२ इंच म्हणजे साडेसोळा इंच. रूढ पीळ सोळा इंची आहे हें वर सांगितलेंच. थ्री-नॉट-थ्रीची टोंकदार गोळी जाडीच्या चौपटीहून किंचित् अधिक. सूत्र सव्वाअकरा इंचांच्या जवळपास उत्तर देतें, तेव्हां दहा इंची पीळ तिला पुरून उरतो.

चौकस विद्यार्थी येथें विचारील कीं, या सूत्रांत वेग कोठें आहे? गोळी जलद गेली तर हवा तिला अधिक जोरानें उलथणार नाहीं काय? शंका रास्त आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा उलथविण्याचा जोर चौपट होतो. परंतु त्याच नळींतून दुप्पट वेगानें निघालेल्या गोळीचे फेरेहि दुप्पट होतात, आणि फिरकीची सांवरण्याची शक्ति फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे तीहि चौपट. दोन्ही बाजू सारख्या वाढल्यामुळें वेग हिशेबांतून जवळजवळ नाहींसा होतो. अगदींच नाहींसा होत नाहीं. सेकंदास २,८०० फुटांच्या पलीकडे गेल्यावर दीडशेंच्या जागीं १८० धरण्याचा प्रघात आहे.

हा हिशेब मोडल्याचें फळ अमेरिकन सैन्यास भोगावें लागलें, तें तिसरें उदाहरण. १९६० नंतर त्यांनीं ५.५६ मिलिमीटर भोंकाची नवी हलकी रायफल घेतली. गोळी ५५ ग्रेनांची, वेग सेकंदास तीन हजार फुटांहून अधिक, आणि पीळ चौदा इंची. साधारण हवेंत ती ठीक चाले. पण कडाक्याच्या थंडींत हवा दाट होते, दाट हवेचा उलथविण्याचा जोर वाढतो, आणि मग काठावर पास झालेल्या विद्यार्थ्याप्रमाणें ती गोळी डळमळूं लागे. १९६३ सालीं पीळ बारा इंची केला. (आमच्या दुष्काळी तालुक्याच्या वैशाखांत हा दोष कदाचित् कोणाच्या लक्षांतहि आला नसता, तापलेली हवा विरळ असते. पण सैनिकास हिमालयावरहि जावें लागतें.) पुढें १९८० च्या सुमारास पाश्चात्य राष्ट्रांनीं ६२ ग्रेनांची पोलादी शेंड्याची गोळी ठरविली. पोलाद शिशाहून हलकें, म्हणून सात ग्रेनांच्या मानानें लांबी फारच वाढली. बारा इंची नळींतून ती झाडली तर लक्ष्यावर वाटोळें भोंक न पडतां कुलपाच्या भोंकासारखें लांबट भोंक पडतें, म्हणजे गोळी आडवी होऊन आदळते. नवी नळी थेट सात इंची केली. ६२ ग्रेनांच्या गोळीस एवढा आवळ पीळ लागत नाहीं. सूत्रानें दहा इंच येतात. मग सात कां? कारण तिच्या जोडीला रात्रीं मार्ग दाखविणारी जळती गोळी असते. तिच्या बुडांत जळणारा मसाला भरलेला. वजन सुमारें ६४ ग्रेन, जवळजवळ तेवढेंच. पण लांबी चौथ्या हिश्श्याहूनहि अधिक वाढलेली. तिला सूत्रानें आठ इंचांच्या आंतला पीळ येतो. दोन ग्रेनांच्या फरकासाठीं पिळांत दोन-तीन इंचांचा फरक, हें वजनाच्या भाषेंत कोणासहि समजावून देतां येणार नाहीं. हीं ५.५६ मिलिमीटरचीं काडतुसें आपल्याकडे जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवच्या कारखान्यांत होतात.

तर मग सर्वच नळ्यांस आवळ पीळ देऊन मोकळें कां होऊं नये? लांब गोळीहि सांवरेल, आंखूडहि सांवरेल. हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचें उत्तर कुसाळे यांच्या लक्ष्यफलकावर आहे. ५० मीटरांच्या फलकावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. यंत्र गुण दशांशांत मोजतें: गोळी नेमकी मध्यावर तर १०.९, आणि मध्यापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटर सरकली कीं एक दशांश कमी. आतां कोणतीहि गोळी पूर्णपणें समतोल नसते. समजा, तिचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून मिलिमीटरच्या एक शतांशानें बाजूला आहे. नळींत ती जखडलेली असतांना हा मध्य सेकंदास आठशें वेळां लहानसें वर्तुळ काढीत असतो. तोंडातून सुटतांच, गोफणींतून दगड सुटावा तसा, तो सेकंदास सुमारें ५० मिलिमीटरांच्या वेगानें एका बाजूस झुकतो. ५० मीटर जाण्यास गोळीस सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याइतका वेळ लागतो; तेवढ्यांत ती सुमारें ८ मिलिमीटर बाजूस जाते. नेमबाजाचा हात तिळभर हलला नसतांहि १०.९ चे १०.० झाले! त्याच गोळीस आठ इंची पीळ दिला असता तर फेरे दुप्पट, झुकण्याचा वेग दुप्पट, आणि चूक १६ मिलिमीटर. म्हणजे गुण ९.० च्या आसपास. पीळ दोषास जन्म देत नाहीं, पण गोळींत असलेला दोष तो गुणून दाखवितो. शिवाय अति वेगवान् व पातळ कवचाची हलकी गोळी फार आवळ पिळांतून झाडली तर ती गिरकीच्या जोरानेंच हवेंत फुटून जाते. सात इंची नळींतून निघालेली गोळी मिनिटास तीन लाखांहून अधिक फेरे घेते. पातळ कवच तें किती सोसणार?

म्हणून गोळीस सांवरण्यापुरता पीळ, वर थोडी शिल्लक, आणि त्याहून अधिक नाहीं, असा मध्यम मार्ग कारागीर धरतात. पॉइंट टू-टूचा सोळा इंची पीळ इतकीं वर्षें टिकला तो याच कारणानें.

नेमबाजी शिकूं इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांसाठीं एक गोष्ट येथें जोडतों. आरंभ बहुधा दहा मीटरांच्या हवेच्या रायफलीनें होतो. तिची शिशाची गोळी डमरूच्या आकाराची, कमरेंत बारीक व मागें पोकळ घेर असलेली असते. वजन सारें पुढें आणि घेर मागें, त्यामुळें बाणाच्या पिसांचें काम तो घेर बरेंचसें करतो आणि पिळावर भार थोडा पडतो. एन्फील्डची गोळीहि बुडाशीं पोकळ होती. अठ्ठ्याहत्तर इंची सैल पिळावर ती निभावली याचें अर्धें रहस्य त्या पोकळींत आहे. तेव्हां हवेच्या रायफलीच्या बाबतींत पिळाची चिंता करीत बसण्याचें कारण नाहीं. गोळ्या दबलेल्या किंवा घेर वांकलेला नसावा, एवढें पाहिलें म्हणजे झालें.

पॉइंट टू-टूपर्यंत पोंचलेल्या नेमबाजास मात्र एक काम चुकत नाहीं. नळीचा पीळ एकदां पडला कीं तो त्याच्या हातीं राहत नाहीं. निवड उरते ती काडतुसांची. एकाच कारखान्याच्या, एकाच वजनाच्या, एकाच नांवाच्या काडतुसांतहि प्रत्येक खेपेस सूक्ष्म फरक असतो. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल किंवा तिची नळी शेगड्यांत घट्ट आवळून, माणसाचा हात मुळींच न लावतां, निरनिराळ्या खेपांचीं काडतुसें त्याच एका लक्ष्यावर झाडून पाहतात. ज्या खेपेचीं दहाहि भोंकें एकमेकांत मिसळून एकच भोंक दिसूं लागतें, तिचा पेटीवरील क्रमांक टिपून घेतात, आणि त्याच क्रमांकाचीं हजारों काडतुसें पुढच्या वर्षाच्या बेगमीस घेऊन ठेवतात.